सात सह्यांचं घर

"कुठनं येलालाव ताई?" रिक्षावाल्याने विचारलं.

सोलापूरहून एसटीने येऊन नुकतीच उतरले होते. टोरांटो म्हणावं तर पुढे दहा प्रश्न, म्हणून सरळ "पुण्याहून" म्हटलं. तसं खोटंही नव्हतं, चार दिवस दादाकडे काढूनच आले होते. त्याने मान हलवली आणि थेट वटवृक्ष मंदिराजवळ आणून सोडलं. वर "गुरुवार टाळलासा ते बरं केलासा, गर्दी नाय" असंही सांगितलं.

मी त्याला घराचा पत्ता सांगितला नव्हता आणि त्याने विचारलाही नव्हता. अक्कलकोटात बॅग घेऊन उतरलेली बाई दर्शनालाच आलेली असणार, त्यात त्याचं काय चुकलं? पण वयाची पहिली सतरा वर्षं ज्या गावात काढली, तिथे आपण आता यात्रेकरू दिसतो हे जरा लागलंच मनाला. मग दर्शन घेतलं आणि बॅग ओढत चालत घरी गेले. बारा मिनिटं लागली. लहानपणी पाच लागायची.

नातेवाईकांपैकी बऱ्याच जणांनी फोनवर विचारलं, "काय गं, कसं वाटलं गाव?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतेय. लांबलंय, आणि काहींना आवडणार नाही. पण वाचा.

आई गेली २०१४ साली. तेव्हापासून घराला कुलूप आहे. दादाने पुण्याहून किल्ली दिली होती, पण ती फिरेना. शेजारच्या अक्का बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, काही न बोलता आत गेल्या आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "ऊट आयता?" जेवण झालं का, हा प्रश्न आमच्या गल्लीत मराठी घरांनाही कानडीतच विचारतात. मी "इल्ला" म्हटलं, आणि इतक्या वर्षांनी तोंडातून आपोआप आलेला तो शब्द ऐकून मलाच बरं वाटलं.

कुलूप उघडलं. आत काय होतं ते सविस्तर सांगत नाही. जातं होतं, आजोबांची आरामखुर्ची होती, कॅलेंडर २०१४ चं होतं. मागच्या खोलीत मात्र वर आभाळ होतं.

ज्यांनी माळवदाचं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भिंती दगड-मातीच्या, दोन दोन हात जाड. त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या नाहीतर काटक्यांचा थर, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेडासाठी मध्ये एक साणं. सोलापूरकडच्या उन्हाळ्यात बाहेर पारा चाळीसच्या वर गेला तरी आत गारवा असायचा. पण या घराची एक अट असते. त्यात माणूस राहावा लागतो. दर वर्षी मिरगाच्या आधी वर चढून उगवलेलं गवत उपटायचं, उन्हाने पडलेल्या भेगा बुजवायच्या, नवी माती टाकून चोपायची, पन्हाळ्यांतला कचरा काढायचा. पावसात कुठे धार लागलीच तर डोक्यावर पोतं घेऊन वर जायचं आणि तिथे मातीची पाटी ओतायची. आमचे अण्णा हे सत्तरीपर्यंत करत होते. आई जिना चढू शकेना तेव्हा गडी लावून करून घ्यायची. एक-दोन पावसाळे हे केलं नाही की पाणी मातीत मुरतं, माती जड होते, तुळई कुजते आणि एक दिवस सगळं खाली येतं. आमच्या मागच्या खोलीचं तेच झालं.

इथपर्यंत माझं दुःख होतं. डोळे पुसून मी दोन-चार फोटोसुद्धा काढले.

मग अक्कांनी जेवायला बोलावलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. जेवताना लक्षात आलं की त्यांच्या आतल्या खोलीतली आमच्याकडची भिंत खालपासून छातीइतक्या उंचीपर्यंत काळी पडलीय. पोपडे निघालेत. ती भिंत सामाईक आहे, आमची आणि त्यांची. आमच्या पडक्या खोलीत साचलेलं पाणी गेली काही वर्षं त्यांच्या घरात उतरतंय. त्यांचा नातू त्या खोलीत अभ्यास करायचा, त्याची पुस्तकं ओली व्हायला लागली म्हणून त्याला स्वयंपाकघरात बसवतात. पलंग भिंतीपासून दोन हात लांब सरकवलाय. मी विचारलं, "अक्का, तुम्ही कळवलं का नाही?" त्या म्हणाल्या, "तुमी लांब. कशाला तरास द्यायचा?"

भाकरी कडक असते म्हणून घशात अडकली असं मी त्यांना सांगितलं.

आता कबुली. २०१९ मध्ये दादाचा फोन आला होता. अक्कांचा मुलगा घर विकत मागत होता. त्याचं कुटुंब वाढलं होतं, खोल्या कमी पडत होत्या. दादा तयार होता. मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं नाही, रडले. "आईची एवढी एकच खूण उरलीय, तीही विकायची?" असं काहीतरी बोलले. दादा गप्प झाला, विषय संपला. म्हणजे बाहेरगावी असलेल्या सगळ्यांत जी सर्वांत लांब, जिने २०१४ नंतर त्या घरात एक रात्र काढलेली नव्हती, तिने घर अडवून धरलं. आणि त्या मुलाची पुस्तकं भिजली.

म्हणून आता मला जे ठाम वाटतं ते लिहिते. गाव सोडून गेलेल्या माणसाने गावातलं घर आठवण म्हणून कुलूप लावून ठेवू नये. वापरात द्यावं, नाहीतर विकावं. आठवण आपल्याजवळ असतेच, तिला घर लागत नाही. घर लागतं ते राहणाऱ्याला.

मी जिथे राहते त्या टोरांटोत २०२२ पासून रिकाम्या घरांवर वेगळा कर आहे. घराच्या किमतीच्या एक टक्क्याने सुरुवात झाली, २०२४ पासून तो तीन टक्के झाला. प्रत्येक घरमालकाला दर वर्षी महापालिकेला कळवावं लागतं की या घरात माणूस राहतो. स्वतः राहत असलात तरी कळवायचं. कॅनडातच व्हॅंकूव्हरने त्याही आधी, २०१७ मध्ये हे सुरू केलं. हे मी दर वर्षी बिनबोभाट भरते. परक्या गावात "घर रिकामं ठेवणं चुकीचं" हा नियम मला पटतो, आणि माझ्या गावात मात्र मी तेच करत होते आणि त्याला प्रेम म्हणत होते!

हे फक्त माझं नाही. २०११ च्या जनगणनेत देशात घरं आणि इतर इमारती धरून तेहतीस कोटींची मोजदाद झाली, त्यांतली जवळपास अडीच कोटी रिकामी होती. सगळीच वारसांच्या कुलपाखाली होती असं मी म्हणत नाही. पण आपापल्या गावातली गल्ली डोळ्यांसमोर आणा आणि कुलपं मोजा. आमच्या गल्लीत मी मोजली. चौदा घरांत पाच. जपानमध्ये तर २०२३ च्या पाहणीत नव्वद लाख घरं रिकामी निघाली. म्हातारे आईवडील गेले, मुलं शहरात, आणि घर तसंच. आपल्याकडे अजून तेवढी वेळ आलेली नाही, कारण आपल्याकडे घर मागणारे दाराशी उभे आहेत. आपणच दार उघडत नाही.

यावर नेहमीची उत्तरं येतात. मीही तीच देत होते, म्हणून मला पाठ आहेत.

पहिलं, "भाड्याने दिलं तर भाडेकरू बळकावेल." ही भीती मुंबई-पुण्यातल्या जुन्या पागडीच्या काळातली आहे आणि ती खोटी नव्हती. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला मार्च २००० मध्ये. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी त्याने घरमालकावर टाकली, आणि मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर ताबा मिळवायची वेगळी वाटही दिली. करार न नोंदवता "आपलाच माणूस आहे" म्हणून किल्ली द्यायची आणि मग रडायचं, हे आपलं जुनं दुखणं आहे.

दुसरं, "परदेशातून कागदपत्रं कशी करणार?" मी आता कॅनडाची नागरिक, माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे. वडिलोपार्जित घरातला वाटा त्याने जात नाही आणि राहतं घर विकायलाही आडकाठी नाही. परदेशात बसून मुखत्यारपत्र द्यायचं तर वकिलातीत जाऊन सही करायची आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. कटकट आहे, पण पासपोर्टच्या कटकटीपेक्षा जास्त नाही.

तिसरं, "मुलांना काय दाखवणार?" हे उत्तर मला सर्वांत जड गेलं. माझी लेक सोळा वर्षांची आहे. तिला मी काय दाखवणार होते, पडलेलं माळवद? ती दोनदा अक्कलकोटला आलीय. तिच्या लक्षात राहिलंय ते अन्नछत्रातलं जेवण आणि अक्कांच्या घरची शेंगापोळी. घर बंद होतं, त्यामुळे त्याची तिला काही आठवणच नाही. आठवण व्हायलाही दार उघडं लागतं.

आणि चौथं, जे कुणी मोठ्याने बोलत नाही: "भाव वाढतोय, थांबू." वाढतोय हे खरं आहे. सोलापूरचा रस्ता चौपदरी झालाय, २०२३ पासून मुंबईहून सोलापूरला वंदे भारत येते, मंदिराच्या आसपास लॉज आणि भक्तनिवास उभे राहतायत. आमच्या घरासाठीही एका लॉजवाल्याने निरोप पाठवला होता. अक्कांचा मुलगा देईल त्यापेक्षा तो बरंच जास्त देतोय. लॉजला माझा विरोध नाही. खरं सांगायचं तर दर्शनाला येणारा माणूस या गावाला माझ्यापेक्षा जास्त देतो. तो रिक्षा करतो, हार घेतो, खोली घेतो, अन्नछत्राच्या पेटीत नोट टाकतो. १९८८ साली सुरू झालेलं ते अन्नछत्र रोज येईल त्याला जेवू घालतंय, ते अशाच लोकांच्या जिवावर. मी या गावाला अकरा वर्षांत काय दिलं? ओल.

चार दिवसांत गावातून भरपूर फिरले. नव्या राजवाड्यातलं शस्त्रागार पुन्हा पाहिलं. समाधी मठात बसले. बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली, जी शाळेत असताना कधीच आली नव्हती. हे सगळं गावच बाहेरून आलेल्यांनी केलेलं आहे. अक्कलकोटचं राजघराणं कुठलं? पारदच्या पाटलाचा पोरका झालेला मुलगा, राणोजी लोखंडे. शाहू महाराजांनी १७०७ च्या सुमारास त्याला मुलासारखं सांभाळलं, फत्तेसिंह नाव दिलं, आपलं आडनाव दिलं. पुढे अक्कलकोट त्याच्याकडे आलं आणि त्याचं घराणं १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत इथे नांदलं. आणि स्वामी? १८५६ च्या सुमारास गावात आले, खंडोबाच्या देवळात थांबले, मग चोळप्पांनी त्यांना घरी नेलं. बाविसेक वर्षं इथे राहिले. ३० एप्रिल १८७८ ला त्यांनी देह ठेवला आणि समाधी झाली तीही चोळप्पांच्याच घरी. ज्यांच्या नावावर आज सगळं गाव जेवतं त्यांच्या नावावर गावात घर नव्हतं. एका माणसाने दार उघडलं, एवढंच झालं होतं.

भाविकांनी रागावू नये. मी चमत्काराबद्दल बोलत नाही, दाराबद्दल बोलतेय.

गाव नक्की कुणाचं, हा वाद आमच्याकडे आणखी एका पातळीवर चालतो. महाजन आयोगाने १९६७ मध्ये अक्कलकोट म्हैसूर राज्यात घालायची शिफारस केली होती, महाराष्ट्राने ती मानली नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी पुन्हा अक्कलकोट-सोलापूरचं नाव काढलं. टोरांटोतल्या आमच्या मराठी मित्रमंडळींत तेव्हा केवढी गरमागरमी झाली! मीही तावातावाने बोलले. आणि इकडे तालुक्यातली सीमेवरची काही गावं काय म्हणत होती? रस्ते द्या, पाणी द्या, नाहीतर आम्ही तिकडे जातो. म्हणजे लांबचे लोक नकाशावर भांडत होते आणि राहणारे नळावर. माझ्या घराचंही नेमकं हेच झालं होतं. मी मालकी आणि आठवण यांवर भांडत होते, आणि अक्का भिंतीला पोतं लावत होत्या.

तर आता कामाचं बोलते.

सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. आधी वारसनोंद करावी लागेल. अण्णा आणि काका दोघंही गेले, त्यामुळे वारस आहेत दादा, मी, आत्या, काकू आणि काकांची तिघं मुलं. सात सह्या. येताना आत्याला भेटून आले. ती एक्क्याऐंशीची आहे. तिला मी घाबरत घाबरत विचारलं, माहेरचं घर विकायचं म्हणतोय, तुला चालेल का? ती म्हणाली, "मी कधीच सही केली असती गं. मला कुणी विचारलंच नाही." म्हणजे आम्ही लेकीबाळींच्या हक्कांवर भाषणं देणारे, आणि आत्याचाही वाटा आहे हे आम्हाला उतारा काढल्यावर आठवलं!

मी स्वतः निघायच्या आदल्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन दादाच्या नावाने मुखत्यारपत्र नोंदवून दिलं. फोटो, अंगठा, सही. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ शेत मुलाच्या नावावर करायला आले होते. त्यांचा अंगठा मशीनला उमटेना. मुलगा त्यांचा हात हातात घेऊन पुसत होता, पुन्हा टेकवत होता. सहाव्यांदा उमटला. माझा पहिल्याच वेळी उमटला. अंगठ्याला कष्ट माहीत नसले की असं होतं.

घर अक्कांच्या मुलाला द्यावं असं मला वाटतं. तो माळवद उतरवून स्लॅब टाकणार आहे, जातं अंगणात ठेवणार आहे म्हणे. नाही ठेवलं तरी चालेल. लॉजवाल्याच्या आणि त्याच्या किमतीत जो फरक पडेल तो इतरांनी सोसावा असं मी म्हणणार नाही. माझ्या वाट्यातून तो जेवढा भरून निघेल तेवढा काढा. अकरा वर्षांच्या ओलीचं एवढं तरी देणं लागते मी.

दादाची, माझी, आत्याची आणि काकूंची तयारी आहे. काकांच्या तिघांपैकी थोरल्याने "बघू" म्हटलंय. उरलेली दोघं हे वाचतात, मला माहीत आहे. तुमचा राग मी समजू शकते, मीही २०१९ ला असेच फोन ठेवले होते. हवं तर एकदा स्वतः जाऊन या. अक्कांकडे जेवा, आणि जेवताना उजवीकडच्या भिंतीकडे बघा.

मग दादाला फोन करा. मिरगाच्या आधी केलात तर बरं.